आशेचे बेचाळीस सामने

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात सप्टेंबर लागला की दोन गोष्टी बदलतात. झाडांची पाने कडेने तांबूस होऊ लागतात आणि माणसे सकाळी उठल्याबरोबर आदल्या रात्रीच्या बेसबॉल सामन्यांचे निकाल पाहू लागतात. आपल्या संघाचा निकाल तर पाहतातच. पण तीन हजार किलोमीटर दूरच्या सिअ‍ॅटलमध्ये काय झाले, मिनेसोटात कोण हरले, कॅन्सस सिटीत काय चालले आहे, हेही पाहतात. ज्या संघांशी यांचे काही देणेघेणे नाही त्यांच्या पराभवासाठी माणसे रात्री बारा-बारापर्यंत जागी राहतात, कारण सिअ‍ॅटलचे घड्याळ डेट्रॉइटपेक्षा तीन तास मागे आहे.

२०२४ च्या सप्टेंबरात मी तीन आठवडे डिअरबॉर्नला आपाकडे होतो. डिअरबॉर्न हे डेट्रॉइटला लागून असलेले, सुमारे १ लाख १० हजार वस्तीचे शहर. हेन्री फोर्डचे गाव म्हणून ते जगाला माहीत झाले. आज तेथील निम्म्याहून अधिक लोक अरब वंशाचे आहेत. लेबनॉन, येमेन, इराक, पॅलेस्टाईन येथून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहतात. वॉरन अ‍ॅव्हेन्यूवरून चालत गेलात तर दुकानांच्या पाट्या अरबीत आणि इंग्रजीत, बेकरीतून झातर लावलेल्या भाकरीचा वास, आणि फोर्ड रोडवर मोठी मशीद. आपा आणि दुलाभाई तेथे पंचवीस वर्षांहून अधिक काळ आहेत. मी चिपळूणचा, क्रिकेटवर वाढलेला. बेसबॉल मला त्या घरात समजला.

रोजच्या भाकरीसारखा खेळ

वाचकांपैकी बहुतेकांना हा खेळ परका वाटेल, म्हणून थोडे सांगतो. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो. म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज सामना, मधे जेमतेम एखादा दिवस सुट्टी. आपल्याकडच्या आयपीएलमध्ये एक संघ साखळीत १४ सामने खेळतो. ते येथे पंधरा दिवसांत उरकतात. म्हणून एका पराभवाने कोणी रडत नाही आणि एका विजयाने नाचत नाही. उत्तम संघही ६० च्या वर सामने हरतो. हा खेळ सणासारखा नसून रोजच्या भाकरीसारखा आहे. दुलाभाई संध्याकाळी कामावरून आले की बूट काढता काढता विचारतात, “किती झाले?” तेवढेच.

सप्टेंबरात मात्र हिशेब बदलतो. दोन लीग, प्रत्येकीत तीन गट. गटातील पहिला संघ थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत जातो. उरलेल्यांपैकी प्रत्येक लीगमधील सर्वांत चांगल्या तीन संघांना ‘वाइल्ड कार्ड’ मिळते. २०२२ पासून असे एकूण १२ संघ पुढे जातात. बाकी १८ संघांचा हंगाम तेथेच संपतो. बरोबरी झाली तर पूर्वी एक जादा सामना होत असे. आता तोही नाही, आपसातील सामन्यांचा निकाल पाहून निर्णय होतो. त्यामुळे एप्रिलमध्ये कोणाच्या लक्षातही न राहिलेला एखादा सामना सप्टेंबरअखेर गळ्याशी येतो.

या दिवसांत घराघरांत एक आकडा घुमतो. त्याला ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. रीत सोपी आहे. १६३ मधून आपल्या संघाचे विजय वजा करा, मग मागच्या प्रतिस्पर्ध्याचे पराभव वजा करा. जे उरते, तेवढे आपले विजय किंवा त्याचे पराभव मिळाले की आपण सुटलो. आपाच्या फ्रिजवर भाच्याने एक कागद चिकटवला होता आणि तो रोज सकाळी आकडा खोडून नवा लिहीत असे. आपा म्हणायची, “दुधाचा हिशेब कधी असा लिहिला नाहीस!”

शंभरात पाव टक्काही नाही

त्या वर्षीची गोष्ट अशी. डेट्रॉइट टायगर्स २०१४ नंतर एकदाही प्लेऑफमध्ये गेले नव्हते. २०२४ च्या जुलैअखेरीस व्यवस्थापनानेच जणू आशा सोडली आणि जॅक फ्लॅहर्टी हा आपला चांगला पिचर, म्हणजे गोलंदाज, लॉस एंजेलिसच्या संघाला देऊन टाकला. आणखी काही अनुभवी खेळाडूही दिले. १० ऑगस्टला संघाचे विजय ५५ आणि पराभव ६३ होते. आकडेमोड करणाऱ्यांनी त्या दिवशी सांगितले की हा संघ प्लेऑफमध्ये जाण्याची शक्यता ०.२ टक्के आहे. हजारात दोन.

त्यानंतरच्या ४२ सामन्यांपैकी टायगर्सनी ३१ जिंकले.

हे कसे झाले, याचे एकच कारण सांगता येत नाही. संघ तरुण होता. टॅरिक स्कूबल हा डावखुरा पिचर त्या वर्षी अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम ठरला. पण त्याच्या खालोखाल पूर्ण सामना पेलणारे गोलंदाज फारसे उरलेच नव्हते. तेव्हा प्रशिक्षक ए. जे. हिंच यांनी एक युक्ती केली. एकाने एक-दोन डाव टाकायचे, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. समोरच्या फलंदाजाला कोणाचीच सवय होऊ द्यायची नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर घरात मोठे पातेले नव्हते, म्हणून चार लहान पातेल्यांत बिर्याणी शिजवली, आणि ती चांगली झाली.

याच काळात मिनेसोटा ट्विन्स उलट्या दिशेने निघाले. ऑगस्टच्या मध्यावर ७० विजय आणि ५३ पराभव असलेला तो संघ शेवटच्या ३९ सामन्यांत फक्त १२ जिंकला. कॅन्सस सिटी रॉयल्स आदल्या वर्षी १०६ सामने हरले होते. तेही यंदा शर्यतीत होते. असा हा खेळ. एकाच्या अंगणात पाऊस तर दुसऱ्याच्या विहिरीला तळ.

मिशिगन अ‍ॅव्हेन्यूने

डिअरबॉर्नहून डेट्रॉइटच्या मैदानाकडे जायला मोठा महामार्ग आहे, पण दुलाभाई मिशिगन अ‍ॅव्हेन्यूनेच गाडी नेतात. पंधरा-सोळा किलोमीटरचा सरळ रस्ता. “या रस्त्यावर डेट्रॉइट समजते,” असे त्यांचे म्हणणे.

मोकळे प्लॉट, बंद पडलेली दुकाने, मधेच रंगवलेली नवी घरे. १९५० साली या शहरात साडेअठरा लाख लोक होते. २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार उरले. २०१३ साली शहराच्या पालिकेनेच दिवाळे जाहीर केले. पण त्याच रस्त्यावर उजवीकडे मिशिगन सेंट्रल स्टेशनची अठरा मजली इमारत दिसते. ती तीस वर्षे फुटक्या खिडक्यांनी उभी होती आणि ६ जून २०२४ ला दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. त्याच वर्षी जनगणना खात्याच्या अंदाजात डेट्रॉइटची लोकसंख्या १९५७ नंतर प्रथमच किंचित वाढलेली दिसली. त्या शहरातल्या माणसाला ०.२ टक्क्याचे हसू का येत नव्हते, ते मला त्या रस्त्यावर कळले.

थोडे पुढे मिशिगन आणि ट्रम्बुल या दोन रस्त्यांचा कोपरा लागतो. येथे १९१२ ते १९९९ पर्यंत टायगर्सचे जुने मैदान होते. स्टेडियम पाडले, पण खेळाचे मैदान राहिले. आज त्या ठिकाणी शहरातील मुले खेळतात. दुलाभाईंनी गाडी हळू केली. “मी आलो तेव्हा हे उभे होते. पहिला सामना येथेच पाहिला. काही कळले नाही, पण शेजारच्या म्हाताऱ्याने सगळे समजावून सांगितले. त्याला माझे नाव उच्चारता येत नव्हते, तरी शेंगदाणे अर्धे मला दिले.”

२००० पासून संघ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरील कोमेरिका पार्कमध्ये खेळतो. दारावर वाघांच्या मूर्ती आहेत. आत भिंतीपाशी जुन्या खेळाडूंचे पुतळे. त्यांपैकी दोघांच्या कथा आपल्या वाचकांनी ऐकाव्यात अशा आहेत.

पहिला विली हॉर्टन. हा डेट्रॉइटमध्येच वाढलेला कृष्णवर्णीय खेळाडू. २३ जुलै १९६७ रोजी शहरात दंगल पेटली. सामना संपवून हॉर्टन संघाच्याच कपड्यांत आपल्या जुन्या वस्तीत गेला, गाडीवर उभा राहिला आणि लोकांना घरी जा म्हणून विनवू लागला. दंगल थांबली नाही. ४३ माणसे मेली. त्या वर्षी चार संघांत शेवटच्या आठवड्यापर्यंत चुरस होती आणि टायगर्स शेवटच्या दिवशीच हरले. पुढच्या वर्षी, १९६८ मध्ये, त्यांनी विश्वविजेतेपद मिळवले. शहराच्या जखमा खेळाने भरल्या, असे म्हणणे खोटे ठरेल. पण त्या उन्हाळ्यात गोरे आणि काळे एकाच रेडिओभोवती बसले, हे जुनी माणसे अजून सांगतात.

ग्रीनबर्गचा दिवस

दुसरा पुतळा हँक ग्रीनबर्गचा. हा ज्यू होता. त्याचा काळ १९३० च्या दशकाचा. ज्या डिअरबॉर्नमध्ये आज मशिदी आहेत, तेथूनच हेन्री फोर्डच्या मालकीचे साप्ताहिक १९२० पासून काही वर्षे ज्यूंविरुद्ध विष पेरत होते. डेट्रॉइटजवळच्या एका पाद्र्याचे रेडिओवरील भाषणही त्याच वळणावर गेले. अशा वातावरणात एक ज्यू तरुण शहराच्या संघाचा सर्वांत जोरकस फलंदाज होता. मैदानावर त्याला रोज शिव्या ऐकाव्या लागत.

१९३४ च्या सप्टेंबरात टायगर्स पंचवीस वर्षांनी लीगच्या अजिंक्यपदाजवळ आले होते. त्याच दिवसांत ज्यूंचे दोन मोठे दिवस आले. नववर्षाच्या दिवशी, १० सप्टेंबरला, खेळावे की नाही यावर शहरभर चर्चा झाली, धर्मगुरूंचे मत वर्तमानपत्रांत आले. ग्रीनबर्ग खेळला, त्याने दोन होमरन मारले आणि टायगर्स २-१ असे जिंकले. पण नऊ दिवसांनी योम किप्पूर आला, उपवासाचा आणि तौबेचा दिवस. त्या दिवशी तो खेळला नाही. शर्यत ऐन रंगात असताना तो प्रार्थनेला गेला. प्रार्थनागृहात शिरताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिकडे मैदानावर टायगर्स हरले. पुढे त्या वर्षीचे लीगचे अजिंक्यपद मात्र त्यांनीच मिळवले.

या माणसाची आणखी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला आणि ऐन उमेदीची चार वर्षे त्याने गमावली. १९४५ च्या उन्हाळ्यात परतला आणि ३० सप्टेंबरला, हंगामाच्या अखेरीस, नवव्या डावात तिन्ही टप्प्यांवर धावपटू असताना त्याने होमरन मारला. त्या फटक्याने टायगर्सना अजिंक्यपद मिळाले.

भाचा त्या पुतळ्यापाशी म्हणाला, “मामू, लोक त्याचे होमरन विसरतील, पण न खेळलेला दिवस विसरणार नाहीत.” खेळात जीव ओतणाऱ्याने खेळाला एक दिवस ‘आज नाही’ म्हटले, याचा मान शत्रूलाही ठेवावा लागला.

पैज

भाचा चोवीस वर्षांचा, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. आपाला त्याच्या बेसबॉलची काळजी वाटत नव्हती. फोनची वाटत होती. मिशिगनमध्ये जानेवारी २०२१ पासून फोनवरून खेळावर पैसे लावणे कायदेशीर आहे. सामन्याच्या मधल्या वेळात जाहिराती त्याच्याच. पुढचा चेंडू कसा पडेल, यावरही पैज लावता येते. कुरआनात शराब आणि जुगार एकाच आयतीत आले आहेत, हे घरात सगळ्यांना माहीत. पण फोन खिशात असतो आणि खिशात आई डोकावू शकत नाही.

एके रात्री आपाने सरळ विचारले. भाचा चिडला नाही. म्हणाला, “अम्मी, आमच्या ऑफिसात एकाने ऑगस्टमध्ये टायगर्सविरुद्ध पैसे लावले. तो डेट्रॉइटचाच. लहानपणापासून वडिलांबरोबर मैदानावर जाणारा. आता रोज रात्री आपलाच संघ हरावा म्हणून बसतो. मला त्याचे पैसे गेल्याचे वाईट वाटत नाही. त्याचा संघ गेला, याचे वाटते.”

मी पुष्कळ वाज ऐकले आहेत. जुगार माणसाचे काय करतो, हे इतक्या थोडक्यात क्वचित ऐकले.

बेसबॉलला हे दुखणे जुनेच. १९१९ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर पैसे घेऊन हरल्याचा आरोप आला. न्यायालयातून सुटले, तरी खेळातून ते कायमचे बाद झाले. पीट रोझ या खेळाडूने खेळात सर्वांपेक्षा जास्त यशस्वी फटके मारले. प्रशिक्षक असताना पैजा लावल्या म्हणून १९८९ मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली. मी डिअरबॉर्नला असतानाच, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, तो वारला. बंदी उठली ती त्यानंतर, २०२५ मध्ये. आणि २०२४ च्या जूनमध्ये टुकुपिटा मार्कानो या तरुण खेळाडूला पैजांपायीच आयुष्यभरासाठी काढून टाकण्यात आले. जो खेळ स्वतःच्या खेळाडूंना पैजेसाठी हाकलतो, त्याच खेळाच्या प्रक्षेपणात पैजेच्या जाहिराती दर दहा मिनिटांनी येतात.

आता ०.२ टक्के या आकड्याकडे पुन्हा पाहा. पैज लावणाऱ्याला त्यात भाव दिसतो. हजारात दोन, म्हणजे जिंकले तर घबाड. पण दुलाभाई, त्यांचा गल्लीतला डाकवाला, किराणा दुकानातली येमेनी बाई, हे सगळे त्या दिवशीही टायगर्सचेच होते आणि शक्यता शून्य असती तरी राहिले असते. त्यांना बदल्यात काहीच मिळणार नव्हते. ज्या आशेला परताव्याची अट नसते, ती माणसाला बिघडवत नाही.

शेजारच्या ओट्यावर

त्या सप्टेंबरात डिअरबॉर्नच्या घरांत दुसऱ्याच बातम्यांचा भार होता. २३ तारखेला लेबनॉनवर झालेल्या बॉम्बवर्षावात एका दिवसात पाचशेहून अधिक माणसे ठार झाली. डिअरबॉर्नमधील किती तरी कुटुंबे दक्षिण लेबनॉनची. प्रत्येक घरात फोन वाजत होता, किंवा वाजत नव्हता, आणि न वाजणे अधिक भयंकर होते.

आपाच्या शेजारचे हाजी सत्तरी ओलांडलेले, दक्षिण लेबनॉनमधील एका खेड्याचे. फोर्डच्या कारखान्यातून निवृत्त. त्यांची बहीण अजून गावी होती. संध्याकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत. एका हातात फोन, बाजूला लहान रेडिओ, आणि रेडिओवर टायगर्सचा सामना. टीव्ही घरात होता, पण त्यावर बातम्या.

रेडिओची सवय त्यांना जुनी. १९७० च्या दशकात आले तेव्हा इंग्रजी येत नव्हते. एर्नी हार्वेल हा टायगर्सचा समालोचक. ४२ हंगाम त्याचा आवाज मिशिगनच्या घराघरांत होता. हाजी म्हणतात, “मला इंग्रजी शाळेने नाही शिकवले, त्याने शिकवले. तो सावकाश बोलायचा.” २०१० साली हार्वेल वारला तेव्हा त्याचे पार्थिव मैदानावर ठेवले होते आणि हजारो लोक रांगेने दर्शनाला गेले. हाजीही गेले होते.

मी एकदा न राहवून विचारले, अशा वेळी सामन्यात मन लागते का? त्यांनी रागाने पाहिले नाही. म्हणाले, “तिकडे जे चालले आहे त्यावर माझे काही चालत नाही. या सामन्यावरही माझे काही चालत नाही. पण यात कोणी मरत नाही.” मग त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

२६ तारखेच्या रात्री टायगर्सचे ८५ विजय झाले होते. मिनेसोटा आणि सिअ‍ॅटल, दोघांचेही पराभव ७७. वाचकहो, १६३ मधून ८५ आणि ७७ वजा करा. फ्रिजवरच्या कागदावर ‘१’ उरला होता.

समोर होता व्हाइट सॉक्सचा संघ. त्याची कथा वेगळीच. त्या हंगामात तो १२० सामने हरला होता. आधुनिक काळातील सर्वाधिक पराभवांचा १९६२ सालचा न्यूयॉर्क मेट्सचा उच्चांक तेवढाच होता. आणखी एक पराभव म्हणजे नवा उच्चांक. दुलाभाईंना हसू आले नाही. “२००३ साली आपण ११९ हरलो होतो. शेवटच्या सहापैकी पाच जिंकून कसेबसे वाचलो. तेव्हा मी रोज पाहत होतो. त्या पोरांची चेष्टा करू नये.” २००३ चे ते टायगर्स तीनच वर्षांनी विश्वविजेतेपदाच्या लढतीत पोहोचले होते, हे त्यांनी पुढे आवर्जून सांगितले.

तिकिटे भाच्याने आधीच काढली होती. पण त्या दिवशी जुम्याच्या आधीच बातमी आली की बैरुतच्या दक्षिण उपनगरावर मोठा हल्ला झाला आहे. मशिदीत दुआ लांबली. बाहेर माणसे घोळक्याने उभी, आवाज खाली. आपा म्हणाली, आज जाऊ नका, बरे दिसत नाही. आम्ही तिकिटे ठेवून देणार होतो. हाजींना ते कळले आणि ते कुंपणापाशी आले. म्हणाले, “घरी बसून तुम्ही कोणाला वाचवणार? मुलाला घेऊन जा. मी रेडिओ लावतो.” मग दुलाभाई उठले.

संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सामना सुरू झाला. सुमारे ४१ हजार माणसांचे मैदान भरलेले. म्हाताऱ्या जोडप्यांपासून खांद्यावर बसलेल्या पोरांपर्यंत. आमच्या पुढच्या रांगेत कारखान्यातून थेट आलेले चौघे, मागे हिजाबातल्या तीन कॉलेजच्या मुली, ज्यांना प्रत्येक खेळाडूची आकडेवारी पाठ. सव्वासातच्या पुढे मगरिब झाली. मैदानाच्या मागच्या मार्गिकेत एका खांबाच्या आडोशाला आम्ही तिघांनी नमाज अदा केली. आमच्याआधी तेथे एक बाप-लेक उभे होते, आमच्यानंतर आणखी कोणी आले. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी थोडे वळून वाट दिली, इतकेच. परत आलो तेव्हा भाच्याने विचारले, “काय चुकले?” पुढचा कारखानदार मागे वळून म्हणाला, “काही नाही. तुमची वाट पाहत होतो.”

लोक मैदानाकडे जितके पाहत होते तितकेच फलकाकडे. तेथे इतर शहरांचे निकाल झळकत. मिनेसोटा मागे पडल्याचे दिसले की एका कोपऱ्यातून कुजबुज उठे आणि लाटेसारखी सगळीकडे फिरे. मैदानावर त्या क्षणी काहीच घडलेले नसे. पण कोणी दुसऱ्याच्या पराभवावर निभावून न्यायला तयार नव्हते. स्वतः जिंकूनच जायचे होते.

टायगर्स ४-१ असे जिंकले. शेवटचा गडी बाद होताच जो आवाज उठला तो मी क्रिकेटच्या मैदानावरही ऐकलेला नाही. खेळाडू एकमेकांवर कोसळले. पुढचे चौघे आम्हाला मिठ्या मारत होते. दुलाभाई मात्र उभे राहून पलीकडच्या बाजूला पाहत होते. व्हाइट सॉक्सचे खेळाडू, १२१ वा पराभव अंगावर घेऊन, आपले सामान उचलत होते. “दोन दिवस अजून खेळायचे आहेत त्यांना,” ते म्हणाले. आणि खरेच, उरलेले दोन्ही सामने व्हाइट सॉक्सनी जिंकले. त्या हंगामात सर्वांत जास्त हरलेल्या संघाने मैदान सोडले ते जिंकून.

रात्री घरी पोहोचलो तेव्हा शेजारच्या ओट्यावर दिवा होता. निकाल त्यांना माहीतच होता. त्यांनी एवढेच विचारले, “लोक खूप होते का?” भाचा त्यांच्याजवळ पायरीवर बसला आणि बराच वेळ सांगत राहिला. बहिणीचा फोन लागला होता. ती गाव सोडून उत्तरेकडे निघाली होती.

त्यानंतर

पुढे टायगर्सनी ह्यूस्टनला त्यांच्याच मैदानावर दोन सामन्यांत हरवले. हिंच पूर्वी त्याच संघाचे प्रशिक्षक होते. २०१७ मध्ये तेथील खेळाडू कॅमेऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत. हिंच यांना ते पसंत नव्हते, त्यांनी दोनदा पडदे फोडले. पण ठामपणे थांबवले नाही. त्याची शिक्षा म्हणून २०२० मध्ये त्यांना वर्षभर खेळाबाहेर राहावे लागले आणि नोकरीही गेली. डेट्रॉइटने त्यांना पुन्हा उभे केले. १२ ऑक्टोबरला क्लीव्हलँडमध्ये पाचव्या सामन्यात टायगर्सची वाट संपली. ज्या स्कूबलवर शहराचा सगळा भरवसा, त्याच्याच चेंडूवर चार धावांचा होमरन गेला.

२०२५ मध्ये पारडे फिरले. टायगर्स जुलैत क्लीव्हलँडच्या साडेपंधरा सामने पुढे होते, आणि ती सगळी आघाडी सप्टेंबरअखेर गेली. गटांच्या इतिहासात एवढी आघाडी कोणी गमावली नव्हती. आदल्या वर्षी मिनेसोटावर आलेली वेळ यांच्यावर आली. तरी वाइल्ड कार्डने ते आत गेले, क्लीव्हलँडला हरवले आणि सिअ‍ॅटलमध्ये पाचवा सामना पंधराव्या डावात ३-२ असा हरले. मध्यरात्र उलटेपर्यंत डिअरबॉर्नमध्ये दिवे जळत होते, असे भाच्याने फोनवर सांगितले.

आपल्या घरांतही मुले खेळात रमतात, आणि वडीलधारी माणसे एक तर सरसकट रागावतात किंवा सरसकट सोडून देतात. डिअरबॉर्नच्या त्या घरात मी तिसरी रीत पाहिली. खेळात जीव लावायला हरकत नाही; फक्त नमाजेला उठता आले पाहिजे, पैशाचा हात त्याला लागता कामा नये, आणि शेजारी दुःखात असेल तर त्याला आधी विचारले पाहिजे. आपाने हे भाच्याला व्याख्यान देऊन शिकवले नाही. बाप सोबत बसून सामना पाहत राहिला, आणि आईने योग्य वेळी एक सरळ प्रश्न विचारला.

फ्रिजवरचा तो कागद आपाने फेकला नाही. पलटून त्याच्या मागच्या बाजूला ती आता दुधाचा हिशेब लिहिते.